वारणेचा तह : शेजारी राज्यांच्या करारांचा एक धडा



सांगलीच्या अगदी लगत हरिपूर हे गाव आहे. तेथे वारणा नदी कृष्णेला मिळते. संगमेश्वराचे देऊळ आणि जमिनीखालील हळदीची पेवे यांमुळे हे गाव आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. परंतु या संगमाचे इतिहासातही एक स्थान आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारचे छत्रपती शाहू महाराज आणि कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज या दोन चुलत बंधूंमध्ये जो तह झाला, त्यात वारणा नदी उगमापासून या संगमापर्यंत दोन राज्यांची हद्द मानली गेली. शाळेच्या पुस्तकात या तहाला एखादे वाक्य मिळते. विद्यार्थी सन पाठ करतात, परीक्षा देतात आणि विसरून जातात.

हा तह आज या स्मरणिकेत कशासाठी, असे आपण विचाराल. त्याचे कारण सांगतो. आपल्यापैकी अनेकांचे आप्त पोटापाण्यासाठी आखाती देशांत आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा तेथील एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणावे लागले. आयुष्याची कमाई मागे टाकून माणसे अम्मानमार्गे मुंबईस उतरली. पुढे ५ जून २०१७ रोजी सौदी अरबस्तान, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. कतारची जमिनीवरची एकुलती एक सरहद्द एका दिवसात बंद झाली. ज्यांचा एक मुलगा दोह्यात आणि दुसरा रियाधमध्ये, अशा घरांना त्या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. त्या वेळी सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता. ही राज्ये एका धर्माची, एका भाषेची, पुष्कळशी एकाच वंशाची. त्यांच्यात मैत्रीचे आणि संरक्षणाचे करारही झालेले. मग असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सातारा आणि कोल्हापूर यांचाही धर्म एक होता, भाषा एक होती, आजोबा तर एकच होते. तरी त्यांच्यात चोवीस वर्षे वैर चालले. ते कशाने वाढले आणि कशाने थांबले हे नीट पाहिले, तर अरबस्तानातील करारही अधिक चांगले समजतात.

प्रथम वैराची हकीकत पाहू. १७०७ मध्ये औरंगजेब बादशहाचे निधन झाले आणि संभाजीपुत्र शाहूंची मोगलांच्या छावणीतून सुटका झाली. राजारामांच्या पत्नी ताराबाई या आपल्या पुत्राच्या नावाने राज्य चालवीत होत्या. त्यांनी शाहूंचा हक्क मानला नाही. खेड येथे लढाई झाली, शाहूंचा जय झाला आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी गादी राखली. १७१४ मध्ये तेथे राजवाड्यातच उलथापालथ झाली. ताराबाई कैदेत गेल्या आणि त्यांच्या सवतीचे, राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. व्यक्ती बदलल्या, वैर तेच राहिले.

हे वैर धुमसत ठेवण्याचे काम कोणी केले? दोन राजांपेक्षा त्यांच्या मधल्या सरदारांनी अधिक केले. एका राजाशी बिनसले की सरदाराने नदी ओलांडावी आणि दुसऱ्याच्या पदरी राहावे. तेथे त्याला मान मिळे, मुलूख मिळे आणि जुन्या धन्यावर सूड उगविण्याची संधीही मिळे. सेनापती चंद्रसेन जाधव १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंना मिळाले आणि पुढे निजामाकडे गेले. उदाजी चव्हाणांनी आजच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचा आश्रय घेऊन शाहूंच्या मुलखात धुमाकूळ घातला व कोल्हापूरकरांशी संधान बांधले. रयतेची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी. आज एकाने चौथाई न्यावी, उद्या दुसऱ्याने त्याच गावात येऊन तीच मागावी.

घरातील भांडणाचा लाभ शेजारच्या बलवान माणसाने घेतला नाही असे क्वचितच घडते. निजाम-उल-मुल्क हा त्या काळातील अत्यंत धोरणी पुरुष. त्याने दख्खनची चौथाई थांबविली आणि कारण मोठे नामी दिले. मराठ्यांचे छत्रपती दोन आहेत, तेव्हा पैसा कोणास द्यावा, याचा आधी निवाडा व्हावा, असे त्याने म्हटले. आणि निवाडा करण्यास तो स्वतः तयारच होता! संभाजी महाराज त्याच्या छावणीत गेले. परिणाम असा झाला की २५ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत पकडले आणि मार्च महिन्यात मुंगी-शेगावचा तह झाला. त्यात निजामाने संभाजींचा पक्ष सोडला. ज्याच्या भरवशावर भावाशी वैर केले, त्याने अडचण येताच हात झटकले.

१७३० मध्ये शाहूंचे प्रतिनिधी श्रीपतराव यांनी वारणेकाठी संभाजी व उदाजी यांच्या छावणीवर छापा घातला. संभाजी महाराज पन्हाळ्याकडे निसटले. छावणीतील सामान गेले आणि राजघराण्यातील स्त्रिया सातारकरांच्या हाती लागल्या. त्यांत ताराबाईही होत्या. शाहूंनी त्यांचा मान राखला. ताराबाईंचे पुढचे दीर्घ आयुष्य साताऱ्यासच गेले.

वाचकहो, या वेळी शाहू महाराजांना कोल्हापूर बुडविणे अशक्य नव्हते. फौज होती, जय ताजा होता, शत्रू एकाकी पडला होता. तरी त्यांनी भावाला भेटीस बोलाविले. १७३१ च्या आरंभी कराडजवळ जखिणवाडी येथे दोघे बंधू थाटामाटाने भेटले. नंतर साताऱ्यास तह झाला. जिंकणाऱ्याने हात आखडता घेतला म्हणूनच हरणाऱ्याला सही करताना अपमान वाटला नाही. पुढे अठरा वर्षे तह टिकला, त्याचे एक मूळ येथे आहे.

या तहनाम्याची कलमे नऊ. त्यांचा गोषवारा असा. वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख ठाणी व किल्ल्यांसह कोल्हापूरकडे राहावा. कृष्णा-वारणेच्या संगमापासून तुंगभद्रेपर्यंतचा दक्षिणेकडील प्रदेशही त्यांचाच. मिरज व विजापूर प्रांतांतील अथणी, तासगाव वगैरे ठाणी सातारकरांना द्यावीत. कोपळ साताऱ्याने घ्यावे आणि त्याच्या मोबदल्यात रत्नागिरी कोल्हापूरला द्यावी. कोकणात साळशीच्या दक्षिणेस अंकोल्यापर्यंतचा भाग कोल्हापूरचा. वडगावचे ठाणे पाडून टाकावे. तुंगभद्रेच्या पलीकडे रामेश्वरापर्यंत जो नवा मुलूख मिळेल तो निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. एकाशी जो वैर करील त्याचे पारिपत्य दुसऱ्याने करावे आणि दोघांनी एकविचाराने राज्य वाढवावे. शेवटी, एकाकडील चाकर दुसऱ्याने पदरी ठेवू नये.

या कलमांत चार गोष्टी आहेत. पहिली हद्द, दुसरी वाटा, तिसरी परस्परांचे संरक्षण आणि चौथी एकमेकांची माणसे न फोडण्याची हमी. इतिहासाची पुस्तके पहिल्या तिन्हींवर भर देतात. माझ्या अल्प मतीने चौथे कलम सर्वांत मोलाचे आहे. हद्द नकाशावर दिसते, वाटा हिशेबात दिसतो. पण भावाचा नाराज सरदार रात्री दारात उभा राहून आश्रय मागतो, त्या वेळी त्याला नाही म्हणणे, ही खरी परीक्षा असते. वैराचे मूळ तेथे होते आणि तह करणाऱ्यांनी ते ओळखले होते.

आता अरबस्तानाकडे वळू. तहातील या चौथ्या कलमाचे महत्त्व मुस्लिम वाचकांना नवे नाही. हिजरतीनंतर मदिनेत जो करार झाला, त्यात शहरावर हल्ला झाल्यास सर्वांनी मिळून त्याचे रक्षण करावे असे ठरले, आणि मक्केच्या कुरैशांना व त्यांच्या साहाय्यकांना कोणी आश्रय देऊ नये असेही ठरले. हिजरी सन ६, म्हणजे इ. स. ६२८ मध्ये हुदैबिया येथे सुलह झाली. तिची मुदत दहा वर्षांची होती. कुरैशांपैकी कोणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीविना मदिनेस आला तर त्याला परत पाठवावे, असे एक कलम तीत होते. करार पुरा होतो न होतो तोच अबू जंदल हे साखळदंडांनिशी येऊन उभे राहिले. त्यांचे वडील सुहैल हेच कुरैशांच्या वतीने बोलणी करीत होते. मुसलमानांची मने हेलावली. परंतु हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी शब्द पाळला आणि अबू जंदल यांना परत जावे लागले. दोनच वर्षांनी कुरैशांच्या मदतीने बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या मित्र खुजाआ टोळीवर हल्ला केला. सुलह मोडली ती त्यामुळे. मित्राचे मित्र आणि शत्रूचे आश्रित, यांच्यामुळे करार कसे मोडतात याचा हा जुना दाखला आहे.

विसाव्या शतकात येऊ. सौदी अरबस्तान आणि येमेन या शेजाऱ्यांचे १९३४ मध्ये युद्ध झाले. सरहद्दीचा वाद तर होताच. शिवाय असीरच्या इद्रिसी घराण्याने सौदींविरुद्ध बंड केले होते आणि येमेनच्या इमाम यह्यांनी त्यांना आश्रय दिला होता. सौदी फौजा अमीर फैसल यांच्या हाताखाली होदैदा बंदरापर्यंत पोचल्या. परंतु शाह अब्दुल अजीज यांनी येमेन गिळण्याचा मोह टाळला, होदैदा परत केले, नजरान, असीर व जीजान मात्र राखले. मे १९३४ मध्ये ताइफ येथे जो तह झाला त्याच्या नावातच इस्लामी मैत्री आणि अरब बंधुत्व हे शब्द होते. वारणेच्या तहाशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. आश्रितावरून वाढलेले वैर, एकाचा जय, जिंकणाऱ्याचा संयम, मग हद्द आणि मैत्री. या दोन देशांची सरहद्द पुढे २००० सालच्या जिद्दा येथील कराराने निश्चित झाली.

निम्म्या वाट्याचेही उदाहरण आहे. १९२२ मध्ये उकैर येथे इंग्रज अधिकारी सर पर्सी कॉक्स यांनी नज्द, इराक व कुवेत यांच्या हद्दी आखल्या. त्यात कुवेत व नज्द यांच्यामध्ये एक पट्टा दोघांच्या सामायिक हक्काचा ठेवला. पुढे त्या जमिनीत तेल निघाले. १९६५ च्या करारान्वये दोन्ही देशांनी जमीन वाटून घेतली, तेलावरील हक्क मात्र समसमान ठेवला. तुंगभद्रेपलीकडच्या मुलखाचीच ही रीत. जेथे वाटा आधी ठरतो, तेथे तंटा झाला तरी तलवारीपर्यंत जात नाही.

याउलट गोष्ट १९५० च्या कराराची. १९४५ मध्ये कैरो येथे अरब लीग स्थापन झाली आणि पाच वर्षांनी तिच्या सभासदांनी संयुक्त संरक्षण व आर्थिक सहकार्याचा करार केला. एकावरील आक्रमण ते सर्वांवरील आक्रमण, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शब्द उदात्त होते, परंतु सभासदांतील सरहद्दीचे वाद तसेच राहिले आणि लीगच्याच एका सभासदाने दुसऱ्यावर हल्ला केला तर काय, याची नीट सोय नव्हती. २ ऑगस्ट १९९० रोजी नेमके तेच झाले. कैरोच्या बैठकीत २१ पैकी १२ सभासदांनीच फौज पाठविण्याच्या बाजूने मत दिले. शेवटी कुवेत सुटले ते अमेरिकेच्या पुढारीपणाखालील फौजांमुळे. भावाभावांचा वाद पुन्हा तिऱ्हाइताच्या छावणीत गेला.

आखाती सहकार परिषदेची हकीकत अधिक जवळची आहे. २५ मे १९८१ रोजी अबुधाबी येथे सौदी अरबस्तान, कुवेत, बहरीन, कतार, संयुक्त अरब अमिराती व ओमान या सहा राज्यांनी ती स्थापन केली. इराण-इराक युद्ध पेटलेले होते, सर्वांना भय सारखे होते. संयुक्त फौज उभी राहिली, डिसेंबर २००० मध्ये मनामा येथे संयुक्त संरक्षणाचा करारही झाला. परंतु वारणेच्या तहातील चौथी गोष्ट बाकी होती. एका राज्याचे विरोधक दुसऱ्याच्या राजधानीत राहत आणि तेथील वृत्तवाहिनीवरून बोलत, अशी तक्रार होती. म्हणून नोव्हेंबर २०१३ मध्ये रियाध येथे आणखी एक करार झाला. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हात घालू नये, विरोधकांना आश्रय किंवा नागरिकत्व देऊ नये, विरोधी प्रचारास थारा देऊ नये, असे त्यात होते. अक्षर निराळे, काळ निराळा, पण चाकर न ठेवण्याचे कलम तेच! हा करार चार वर्षे जनतेपासून गुप्त होता. तो पाळला गेला नाही असा आरोप झाला, कतारने तो नाकारला आणि २०१७ चा बहिष्कार आला. परिषदेच्या घटनेत तंटे सोडविण्यासाठी एका मंडळाची तरतूद आहे, पण ती कामी आली नाही. कुवेतच्या अमीरांनी चिकाटीने मध्यस्थी केली आणि ५ जानेवारी २०२१ रोजी अल-उला येथे समेट झाला. साडेतीन वर्षे गेली.

येथे एका वेगळ्या जातीच्या तहाचा उल्लेख केला पाहिजे. २५ सप्टेंबर १८१९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह केला. त्यांच्या राज्याची दक्षिण हद्द पुन्हा वारणा व कृष्णाच ठरली. परंतु इतर कोणत्याही सत्तेशी परस्पर व्यवहार करू नये असे कलम त्यात होते. शेजाऱ्याला पत्र लिहिणे हा गुन्हा ठरला. याच आरोपाखाली १८३९ मध्ये महाराज पदच्युत झाले, काशीस गेले आणि तेथेच १८४७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. आता पाहा, सातारचा तह होतो न होतो तोच त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईहून निघालेल्या फौजेने आखातात रास-अल-खैमा घेतले आणि जानेवारी १८२० मध्ये तेथील शेखांशी तह केला. १८९२ मध्ये त्याच किनाऱ्यावरील शेखांकडून इंग्रजांशिवाय कोणाशीही संबंध ठेवणार नाही असे लिहून घेण्यात आले. सातारचे छत्रपती आणि आखाताचे शेख एकाच कारखान्यातील बेडीने बांधले गेले. अशा कागदालाही तह म्हणतात, परंतु त्यात सहकार्य नसते. शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलू न देणे हाच त्याचा हेतू असतो.

वारणेच्या तहाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याने एक घर कायमचे दोन केले. त्यातील शब्दांचा अर्थ लावण्यास किंवा तंटा तोडण्यास कोणी पंच नेमलेला नव्हता. सारी भिस्त दोन भावांच्या शब्दावर होती. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि सत्ता पेशव्यांकडे गेली. मिरज-तासगावकडे पटवर्धन सरदार आले, त्यांचे आणि कोल्हापूरकरांचे झगडे पिढीभर चालले. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन पडले. नदी तीच होती, तहनामाही तोच होता, पण तो पाळणारी माणसे उरली नव्हती. शाहूंच्या हयातीत मात्र दोन बंधूंमध्ये पुन्हा मोठे युद्ध झाले नाही. अठरा वर्षे वारणाकाठच्या शेतकऱ्याने आपले पीक आपल्या घरी नेले असेल, तर हे यश लहान नव्हे.

विद्यार्थी बंधू-भगिनींनो, उद्या वर्तमानपत्रात दोन शेजारी राष्ट्रांनी करार केल्याची बातमी वाचाल, तेव्हा बंधुत्वाच्या शब्दांवर थांबू नका. चार प्रश्न विचारा. हद्द ठरली काय? वाटा ठरला काय? एकमेकांचे नाराज लोक पदरी न ठेवण्याचे वचन दिले काय? आणि तंटा झाला तर तो घरातच तोडण्यास पंच आहे काय? ज्या करारात ही उत्तरे मिळतील त्याच्या भरवशावर आपला मुलगा परमुलखी पाठविण्यास हरकत नाही. ज्यात मिळणार नाहीत, तेथे पैशांबरोबर थोडी सावधगिरीही गाठीस बांधून पाठवा.

आणखी एक विनंती आहे. हे तहनामे मोडीत आहेत, निजामाचा पत्रव्यवहार फारसीत आहे, ताइफ आणि रियाधचे करार अरबीत आहेत. आपल्या मुलामुलींना घरात उर्दू आणि मदरशात अरबी लिपी मिळते, शाळेत मराठी मिळते. त्यात मोडी शिकण्याची थोडी मेहनत घातली, तर हे सारे कागद मुळातून वाचू शकेल असा अभ्यासक याच दोन जिल्ह्यांतून निघू शकेल. तशी इच्छा ज्याला होईल त्याने आरंभ हरिपूरच्या घाटावरून करावा. १९४९ पर्यंत सातारा व सांगली हा एकच जिल्हा होता. आज तो दोन झाला आहे, तरी वारणेच्या वरच्या काठाने सांगली आणि कोल्हापूर यांची हद्द अजूनही तीच नदी दाखविते.